कुंभकोणमचं देणं

माझ्या खालच्या जबड्यात उजवीकडे एक टोपी घातलेली दाढ आहे. नवीन दंतवैद्याकडे गेले की ते तिच्यावर आरशाची दांडी हळूच आपटतात आणि विचारतात, "काम चांगलं झालंय. कुठे केलंत?" मी सांगते, कुंभकोणमला. टोपीचे पैसे मी तेव्हाच चुकते केले होते, त्यामुळे व्यवहारापुरतं पाहिलं तर मी तिथलं काही देणं लागत नाही. तरीही त्या गावातल्या दोन बायकांचं माझ्यावर जे ऋण आहे ते या दाढेपेक्षा कितीतरी मोठं आहे. एक माझ्या घरमालकीण आजी आणि दुसऱ्या त्यांच्या दाताच्या डॉक्टर. दात का दुखतो हे मला त्या दोघींमुळे कळलं. दुखण्यावर हात टाकण्याआधी त्याची नीट चौकशी करायची असते, हेही त्यांच्यामुळेच.

२०१५ साली बँकेने माझी बदली कुंभकोणमला केली. एका बाजूला कावेरी, दुसऱ्या बाजूला अरसलार, आणि मधे जिकडे बघावं तिकडे गोपुरं. घर पुण्यात, नवरा आणि मुलगा तिथेच, आणि मला तमिळचं अक्षर येत नव्हतं. राहायला जागा शोधताना शाखेतल्या एका सहकाऱ्याने सांगितलं, "मॅडम, सारंगपाणी मंदिरामागच्या गल्लीत एक मराठी पाट्टी, म्हणजे आजी, आहेत, त्यांचा वरचा मजला रिकामा आहे." मला वाटलं, मुंबईहून आलेलं कुटुंब असेल. दार उघडलं ते नऊवारी वळणाचं लुगडं नेसलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या बाईंनी. मी इंग्रजीत सुरुवात केली तर त्या मराठीतच म्हणाल्या, "ये, आत ये. पाणी घे आधी."

त्यांच्या घराण्यात कित्येक पिढ्यांत कुणीही महाराष्ट्र पाहिला नव्हता. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावरला भोसल्यांची गादी स्थापन केली तेव्हा जी मराठी घरं इकडे आली त्यांपैकी त्यांचं एक. गादी १८५५ मध्ये खालसा झाली, पण घरातली भाषा राहिली. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव याच कुंभकोणमचे, १८२८ मध्ये इथे जन्मलेले, हे मला पहिल्यांदा आजींनीच सांगितलं. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर तिथल्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरून घेतलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास बघायलाही त्याच मला घेऊन गेल्या. त्यांना देवनागरी वाचता येत नव्हती. भिंतीपाशी उभ्या राहून म्हणाल्या, "तू वाच, मी ऐकते." मी वाचत गेले आणि त्या एकेक ओळीला मान हलवत राहिल्या.

घर सोडून एकटीने राहणाऱ्या बाईला परगावी सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती आजारपणाची. ताप आला तर गोळी घेऊन पडता येतं. दात दुखायला लागला की मात्र काय करावं सुचत नाही. खाणं, बोलणं, झोपणं, सगळं त्या एका जागेभोवती फिरायला लागतं.

माझी दातांची तक्रार सुरू झाली २०१६ च्या उन्हाळ्यात. त्या वर्षी २२ फेब्रुवारीला बारा वर्षांनी येणारा महामहमचा उत्सव झाला होता. सोळा मंडपांनी वेढलेल्या महामहम तळ्याकडे लाखो माणसं लोटली आणि बँकेत सुट्ट्या पैशांची एवढी झुंबड उडाली की आम्हाला मान वर करायला फुरसत मिळाली नाही. मग अग्नि नक्षत्राचे, म्हणजे ऐन उन्हाचे दिवस आले. कावेरीच्या पात्रात नुसती वाळू, आणि दुपारी बँकेतून बाहेर पडलं की बर्फात ठेवलेल्या शहाळ्याशिवाय दुसरं काही सुचत नसे. एके दिवशी शहाळ्याचा पहिलाच घोट घेतला आणि वरच्या दातांमधून अशी सणक गेली की डोळ्यांत पाणी आलं. दोन सेकंदांत सगळं शांत. दुसऱ्या घोटाला पुन्हा तेच. हळूहळू थंड ताक, चिंचेचं सार, इतकंच काय, तोंड उघडं ठेवून चालताना लागणारी हवासुद्धा दातांना शिवशिवायला लागली. माझ्या हातातलं ताकाचं भांडं तसंच राहिलेलं आजींनी पाहिलं. संध्याकाळी त्या पायात चपला घालून तयार होत्या.

डॉक्टरांचा दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता. एक खुर्ची, एक क्ष-किरण यंत्र, भिंतीशी जाडजूड वह्यांची चळत. डॉक्टर पन्नाशीच्या, केसांत जाईचा गजरा, आवाज हळू. मी खुर्चीत बसले आणि सवयीने आ केला. त्या म्हणाल्या, "तोंड मिटा. आधी बोलू." त्यांनी वही उघडली आणि विचारायला सुरुवात केली. थंडाने होतं की गरमाने? गोडाने, आंबटाने? थंड बाजूला केल्यावर किती वेळ टिकतं, दोन सेकंद की दोन मिनिटं? एकाच दातावर बोट ठेवता येतं का, की पूर्ण ओळ? चावताना दुखतं का, आणि दुखत असेल तर दात दाबताना की दाब सोडताना? आपोआप दुखतं का? रात्री झोपेतून उठवतं का?

माझं इंग्रजी बँकेच्या कामाचं, दुखण्याचं नव्हे. शिवशिव कशी सांगायची आणि ठणका कसा, तो कळ येण्यापेक्षा वेगळा कसा, हे मला जमेना. मी आजींकडे वळून मराठीत सांगायची आणि आजी ते तमिळमध्ये डॉक्टरांपर्यंत पोचवायच्या. मधेच थांबून मलाच उलट विचारायच्या, "आंबतात म्हणालीस ते कैरी खाल्ल्यावर आंबतात तसेच ना?" डॉक्टर तेवढा वेळ हातातलं पेन खाली ठेवून थांबायच्या. घाई दोघींनाही नव्हती. माझ्या घरची माणसं हजार किलोमीटरवर होती, आणि इथे माझं दुखणं अचूक पोचावं म्हणून एक म्हातारी बाई एवढी झटत होती. त्या क्षणी आपण परक्या गावात आहोत हे मी विसरले.

मग डॉक्टरांनी तपासलं. हवेचा बारीक झोत एकेका दातावर सोडला आणि मी कुठे दचकते ते पाहिलं. माझ्या हातात आरसा देऊन दाखवलं: वरच्या सुळ्यापासून मागे तीन दातांच्या हिरड्या वर सरकल्या होत्या आणि दाताच्या मानेपाशी, जिथे दात हिरडीत शिरतो तिथे, पाचरीच्या आकाराच्या खाचा पडल्या होत्या. प्लास्टरच्या जबड्यावर ब्रश कसा फिरवता ते करून दाखवा, म्हणाल्या. माझा हात आडवा, करवत चालवावी तसा चालला. त्यांनी माझं मनगट धरलं, ब्रश हिरडीकडे किंचित तिरका केला आणि छोट्या गोल हालचालीत फिरवून दाखवला. "घाण मऊ असते," त्या म्हणाल्या. "ती काढायला जोर लागत नाही, वेळ लागतो. दोन मिनिटं द्या."

दात का शिवशिवतात हे त्यांनी वहीच्या कोऱ्या पानावर चित्र काढून सांगितलं. दाताचं वरचं कवच म्हणजे इनॅमल. शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, वजनाने साधारण ९६ टक्के खनिज. त्यात नस नाही, म्हणून त्याला कळत काहीच नाही. एकदा झिजलं की ते पुन्हा उगवतही नाही. त्याच्या आतला थर डेंटिनचा. त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक नळ्या असतात, एका चौरस मिलिमीटरमध्ये हजारो, आणि त्या थेट आतल्या नसेच्या दिशेने जातात. नळ्यांमध्ये द्रव भरलेला असतो. इनॅमल झिजलं किंवा हिरडी सरकून मूळ उघडं पडलं की नळ्यांची तोंडं उघडी पडतात. थंडाने, हवेने, आंबट-गोडाने आतला द्रव हलतो, आणि ही हालचालच नसेला वेदना म्हणून कळते. स्वीडनच्या मार्टिन ब्रेनस्ट्रॉम यांनी १९६० च्या दशकात प्रयोगांनी हे दाखवलं, आणि आजही दंतवैद्यकात हेच स्पष्टीकरण मानलं जातं. द्रव थांबला की कळ थांबते, म्हणून ती सणसणीत पण क्षणभराची. "कळ लगेच विझते ना, मग घाबरू नका," डॉक्टर म्हणाल्या. "नस जिवंत आहे आणि शाबूत आहे. फक्त तिचं दार उघडं पडलंय."

उपाय साधेच निघाले. मऊ ब्रश. पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट, सकाळ-रात्र, आणि गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात म्हणून मधेच सोडायची नाही. थुंकायचं, पण नंतर खळखळून चूळ भरायची नाही, म्हणजे पेस्टमधलं फ्लोराइड दातांवर राहतं. आंबट खाल्ल्याबरोबर ब्रश करायचा नाही, कारण आम्लाने कवच तेवढ्यापुरतं मऊ झालेलं असतं; निदान अर्धा तास लाळेला तिचं काम करू द्यायचं. दोन खाचा खोल होत्या, त्या त्यांनी भरून दिल्या. महिन्याभरात मी पुन्हा शहाळं प्यायला लागले.

त्याच दिवशी त्यांनी आजींनाही खुर्चीत बसवलं. कुंभकोणमचं विड्याचं पान प्रसिद्ध. २०२५ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. आजींचा पानाचा डबा दिवसभर जवळ असे: कोवळी पानं, चुना, सुपारी. तंबाखू कधीच नाही, आणि म्हणून आपलं पान सोवळं, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टरांनी त्यांना स्वतःची तीन बोटं उभी जुळवून दातांच्या मधे घालायला सांगितली. दोन गेली, तिसरं अडलं. डॉक्टरांचा चेहरा गंभीर झाला. सततच्या सुपारीने गालाच्या आतली कातडी पांढुरकी, ताठ होत जाते, तोंड कमी कमी उघडतं, तिखट झोंबायला लागतं, आणि अशा तोंडात पुढे कर्करोग होण्याचा धोका बराच वाढतो. तंबाखू नसली तरी नुसती सुपारीही कर्करोगाला कारण होते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात स्पष्ट म्हटलं आहे. डॉक्टरांनी रागावून काही म्हटलं नाही. आजींचा हात हातात घेऊन तमिळमध्ये बराच वेळ बोलत राहिल्या. घरी आल्यावर आजींनी डब्यातली सुपारी काढून ठेवली. जेवणानंतरचं पान चालू राहिलं, बडीशेप घालून. त्या वयात साठ वर्षांची सवय मोडणं किती अवघड असतं! ज्या डॉक्टरवर इतका विश्वास असतो तिच्याच शब्दावर ते घडतं.

मी त्या दवाखान्यात मग अधूनमधून जात राहिले. कधी साफसफाईसाठी, कधी नुसती आजींबरोबर. दुपारी गर्दी नसे, डॉक्टर कॉफी मागवत आणि मी विचारत राही. त्यांच्याकडून मला कळलं की कीड लागलेला दात सुरुवातीला दुखतच नाही. तोंडातले जंतू साखरेवर जगतात आणि आम्ल तयार करतात. तोंडातला सामू साधारण ५.५ च्या खाली उतरला की इनॅमलमधलं खनिज विरघळायला लागतं. लाळ ते परत भरून काढते, पण त्यासाठी तिला अर्धा-पाऊण तास तरी मोकळा मिळायला हवा. म्हणून साखर किती खाल्ली याहून किती वेळा खाल्ली हे महत्त्वाचं. कुंभकोणममध्ये डिग्री कॉफीला नाही म्हणणं जड जातं. दाट दूध, पितळी डवरा-टंबलर, वरचा फेस. आमच्या शाखेत ती दिवसातून पाच-सहा वेळा फिरायची. डॉक्टर म्हणायच्या, "प्या की. साखर फक्त जेवणाबरोबरच्या कॉफीत घाला, मधल्या बिनसाखरेच्या प्या." हा सल्ला मी आजही पाळते.

जुन्या काळी युरोपातही लोक दातात खरोखर अळी शिरते असं मानत. फ्रान्सच्या पिएर फोशार यांनी १७२८ च्या आपल्या ग्रंथात ती कल्पना नाकारली, आणि जंतूंच्या आम्लाने दात किडतो ही मांडणी विलोबी मिलर यांनी १८९० मध्ये केली. हे सांगताना डॉक्टर म्हणाल्या, "दोनशे वर्षांपूर्वी माणसं दात दुखला की उपटूनच घेत. कारण कळलं तेव्हा दात वाचवता यायला लागले."

नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटबंदी आली. बँकेत काम केलेल्या कुणालाच ते दिवस विसरता येणार नाहीत. १० नोव्हेंबरला शाखा उघडली तेव्हा रांग पुढच्या चौकापर्यंत गेली होती. शेतकरी, विणकर, स्वामीमलैचे मूर्तिकार, पेन्शनर म्हातारे, शनिवार-रविवारही कामाचे. आमचा एक कॅशियर त्या गर्दीत पाण्याची बाटली जवळ ठेवून बसला होता. दर पाच-दहा मिनिटांनी गार पाण्याचा घोट घेऊन तो गालात धरून ठेवायचा, मग पुढच्या माणसाच्या नोटा मोजायचा. कॉफी आली की कप बाजूला सारायचा. मी त्याला विचारलं, दात दुखतोय का? तो म्हणाला, दोन रात्री झोप नाही, पण गार पाण्याने बरं वाटतं. डॉक्टरांनी मला नेमकं हेच सांगून ठेवलं होतं: थंडाने कळ येऊन लगेच गेली तर नस वाचण्यासारखी असते, पण गरमाने ठणका लागतो, तो रेंगाळतो, रात्री आडवं झाल्यावर वाढतो आणि गार पाण्याने शमतो, तेव्हा आतली नस मरणाच्या वाटेवर असते. तिथे लवंगेचं तेल तात्पुरतं बधिर करेल, गोळी रात्र काढून देईल. दात बरा होणार नाही. मी व्यवस्थापकांशी बोलून त्याला दुपारी सोडवलं, त्याच्या काउंटरवर मी बसले. डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी दात उघडून आतला दाब मोकळा केला, आणि पुढच्या फेऱ्यांमध्ये रूट कॅनाल पूर्ण केलं. तो म्हणाला की खुर्चीतून उठायच्या आतच त्याला झोप यायला लागली होती.

डिसेंबरात माझी पाळी आली. उजवीकडे पोळीचा तुकडा चावला की काही नाही, पण दात वर उचलताना विजेसारखी कळ. कुठली दाढ ते सांगता येईना. काही दिवस मी डाव्या बाजूनेच जेवत होते. डॉक्टरांनी क्ष-किरण काढला, त्यात काहीच नव्हतं. त्यांनी एका छोट्या प्लास्टिकच्या खुंटीवर दाढेचं एकेक टोक ठेवून मला दाबायला आणि सोडायला लावलं. पहिलं टोक, दुसरं, तिसरं, काही नाही. चौथ्यावर दाब सोडताना मी जवळजवळ ओरडले. मग त्यांनी खोलीतला दिवा मालवून एक बारीक प्रखर प्रकाश दाढेवर एका बाजूने टाकला. अर्धी दाढ उजळली, अर्धी काळीच राहिली. मधली सरळ रेघ म्हणजे चीर. चावताना ती उघडते आणि सोडताना झटकन मिटते, म्हणून कळ सोडताना येते. अशी चीर क्ष-किरणात बहुतेक वेळा दिसतच नाही.

"सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला असतो का?" त्यांनी विचारलं. असायचा. त्यांनी आरशात माझ्या गालाच्या आतली पांढरी आडवी रेघ दाखवली, सुळ्यांची सपाट झालेली टोकं दाखवली. नोटबंदी आल्यापासून मी रोज रात्री झोपेत दात आवळत, घासत होते. दिवसभर लोकांसमोर चेहरा शांत ठेवून जे गिळलं होतं, ते रात्री जबडा चावत बसला होता. चीर नसेपर्यंत गेली नव्हती. त्यांनी दाढ कोरून तिच्यावर टोपी बसवली, म्हणजे दोन्ही भाग एकत्र आवळले जातात, आणि रात्री घालायला पारदर्शक पट्टी करून दिली. पट्टी देताना म्हणाल्या, "दात मी वाचवते. ताण तुमच्या आजींकडे सोडून या." त्या रात्रीपासून बँकेतून आल्यावर मी आधी खाली आजींकडे बसायला लागले. त्या भाजी निवडत, मी दिवसभराचं सगळं मराठीत ओतून टाकी. पट्टीचा उपयोग झालाच. त्या बसण्याचा किती झाला हे मी मोजू शकत नाही.

आणि मग २०१७ च्या मार्चमधली ती सकाळ. आजी मंदिरातून परत येताना मधेच भिंतीला टेकून उभ्या राहायच्या हे माझ्या लक्षात आलं होतं. विचारलं तर म्हणाल्या, डावीकडची खालची दाढ दुखते, आता काढूनच टाकायची. दात मोजकेच उरले होते, त्यातला एक गेला तर काय, असा त्यांचा हिशेब. मी त्यांना घेऊन गेले. डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे आधी वही उघडली. थंडाने? नाही. गरमाने? नाही. चावताना? नाही. रात्री? नाही. मग केव्हा? आजी म्हणाल्या, मंदिराकडे चालताना, आणि जिना चढताना. बसलं की? बसलं की दोन-चार मिनिटांत जातं.

डॉक्टरांनी एकेक दात ठोकून पाहिला, बर्फ लावून पाहिला, क्ष-किरण काढला. सगळे दात निर्दोष. आजी आग्रह करत होत्या, काढ गं एकदाची. डॉक्टरांनी हातमोजे उतरवले, अवजारांचा ट्रे बाजूला सरकवला आणि म्हणाल्या, "पाट्टी, हा दात मी काढणार नाही. हा दुखतच नाहीये." मला त्यांनी बाजूला घेऊन सांगितलं की चालताना येणारी आणि बसल्यावर थांबणारी जबड्यातली कळ हृदयाची असू शकते. हृदयाच्या आणि जबड्याच्या वेदनेच्या वाटा मेंदूकडे जाताना जवळ येतात, त्यामुळे मेंदू कधी कधी जागा चुकतो. स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छातीत न दुखता असंच होण्याचं प्रमाण जास्त. आजींना मधुमेह होता. डॉक्टरांनी तिथूनच हृदयरोगतज्ज्ञांना फोन केला, चिठ्ठी लिहिली आणि रिक्षा बोलावली. त्याच दुपारी कार्डिओग्राम झाला, दोन दिवसांनी तंजावरला अँजिओग्राफी. एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद होती. स्टेंट बसला. आजी पुढच्या महिन्यात पुन्हा सारंगपाणीच्या अकरा मजली गोपुराखालून, मधे कुठेही न टेकता, चालत आल्या.

दात काढला असता तर? त्या दिवशी आजी समाधानाने घरी आल्या असत्या. पुढच्या चढावर कळ पुन्हा आली असती, आणि दुसऱ्या एखाद्या दातावर आळ गेला असता. दंतवैद्याला पैसे मिळतात ते काम केल्याचे. न केलेल्या कामाचे त्या दिवशी डॉक्टरांनी एक रुपयाही घेतला नाही, आणि त्याच कामाने एक जीव वाचला.

हॉस्पिटलातून आल्यावर आजींनी मला एक गोष्ट सांगितली. सरफोजीराजांनी तंजावरात धन्वंतरी महाल नावाची वैद्यशाळा काढली होती. राजांना डोळ्यांच्या आजारांत फार रस. रोग्यांच्या नोंदी ठेवल्या जात, डोळ्यांची चित्रं काढून घेतली जात, आणि ती सरस्वती महाल ग्रंथालयात जपून ठेवली आहेत. "लिहून ठेवल्याशिवाय औषध नाही, असा त्यांचा शिरस्ता," आजी म्हणाल्या. दवाखान्यातली वह्यांची चळत माझ्या डोळ्यांसमोर आली. कुंभकोणमच्या त्या छोट्या खोलीत, सरकारी मदत नाही की राजाश्रय नाही, एक बाई तोच शिरस्ता रोज पाळत होती.

२०१८ मध्ये माझी पुण्याला बदली झाली. आजींनी निरोपाला डांगर पच्चडी केली आणि पितळी डवरा-टंबलर बांधून दिलं. डॉक्टरांनी त्यांच्या वहीतल्या माझ्या पानाची प्रत दिली: कोणता दात, कधी, का दुखला, काय केलं. ती प्रत मी जिथे जाते तिथे नेते. पुण्यात आल्यावर कुणी दात दुखतो म्हटलं की मी तेच प्रश्न विचारते. थंडाने क्षणभर शिवशिवतं म्हणणाऱ्याला मऊ ब्रश आणि योग्य पेस्ट सुचवते आणि तपासून घ्या म्हणते. रात्रभर ठणकतं म्हणणाऱ्याला गोळीवर आणखी एक रात्र काढू देत नाही. गालावर सूज, सोबत ताप, गिळायला किंवा तोंड उघडायला त्रास असेल तर तासाभरातच दवाखान्यात जा, असं बजावते, कारण दाताचा पू मानेत आणि छातीत उतरू शकतो. चेहऱ्याला नुसतं बोट लागलं, तोंड धुतलं, वारा लागला की विजेचा झटका बसावा तशी कळ येत असेल, तर ते दाताचं नसून चेहऱ्याच्या नसेचं असू शकतं, आणि दात काढून ते थांबत नाही. औषध मी सांगत नाही. तो माझा अधिकार नाही. कुठे जायचं आणि तिथे काय सांगायचं, एवढं मात्र सांगते.

गेल्या हिवाळ्यात साताऱ्याच्या मावशीचा फोन आला. वरच्या डाव्या दोन दाढा दुखतात, दोन्ही काढायचं ठरलंय. मी विचारलं, सर्दी झाली होती का? झाली होती. खाली वाकल्यावर दुखणं वाढतं का? वाढत होतं. एक दाढ की ओळ? आख्खी ओळ. वरच्या दाढांची मुळं गालाच्या हाडातल्या सायनसच्या अगदी तळाशी असतात. सायनस सुजला की दाढा दुखतात. मी म्हटलं, दाढा काढण्याआधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखव. सायनसच निघाला. औषधाने उतरला आणि मावशीच्या दोन्ही दाढा जागच्या जागी राहिल्या.

त्या रात्री मी कुंभकोणमला फोन करून डॉक्टरांना हे सांगितलं. आनंद त्यांच्या आवाजात कळत होता. पण लगेच त्यांनी विचारलं, "हिरड्यांतून रक्त येतं का त्यांच्या? शेवटचं कधी तपासून घेतलंय?" हे मी विचारलंच नव्हतं. मावशीला मी पुढच्याच आठवड्यात तपासणीला नेलं. हिरड्यांचा आजार सुरू झाला होता आणि वेळेवर सापडला. कुंभकोणमचं देणं असं अजून चढतंच आहे, आणि ते कधी फिटावं अशी माझी इच्छाही नाही.